धावपट्टीवरचा अर्धा पेला

"पण वारा पडणार कधी, गुरुजी?"

लामा कोंचोक यांनी काचेबाहेर पाहिलं. धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी आडवी होऊन फडफडत होती.

"मी त्याला विचारलं नाही," ते आपल्या संथ हिंदीत म्हणाले.

कारखानीसांना हसू आलं नाही. आज तिसरा दिवस होता. लडाखात विमानं उडतात ती सकाळी. ऊन चढलं की वारा सुटतो आणि त्या दिवसाचं दुकान बंद. गाडीने उतरावं, तर खिंडीत बर्फ.

आणि उद्या सकाळी कराडला केतकीचं सिझेरियन होतं.

केतकी त्यांची एकुलती एक लेक. ती जन्मली तेव्हा कारखानीस धरणाच्या कामावर होते. तिच्या लग्नात पोचले ते अक्षता पडून गेल्यावर. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी मन शांत करायचा चंग बांधला आणि या लामांच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, दहा दिवस ध्यानाला बसले. परतीचं तिकीट तीन दिवस हाताशी ठेवून काढलं होतं. इंजिनिअरचं नियोजन, त्यात चूक कशी निघेल! काल फोनवर केतकी एवढंच म्हणाली, "जमलं तर या, बाबा." त्या 'जमलं तर'मुळे त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

ते उठले, काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालून आले, बसले, पुन्हा उठले.

"बस जरा," लामा म्हणाले. त्यांनी थर्मास उघडला आणि लोण्याचा खारट चहा लाकडी पेल्यात ओतला.

अर्धाच.

गोम्पात पाहुण्याचा पेला काठोकाठ भरतात. एक घोट घेतला की पुन्हा भरतात. पेला उणा राहिला तर यजमानाला लाज वाटते. दहा दिवस कारखानीस नको नको म्हणत थकले होते. विमानतळावर मात्र तीनही दिवस अर्धाच पेला.

याचा अर्थ त्यांनी पहिल्याच दिवशी लावला होता. डायरीत लिहिलंही होतं, 'अपेक्षा अर्ध्यावर ठेवावी.' दुसऱ्या दिवशी त्याखाली रेघ मारली. आपल्याला हा शेवटचा धडा द्यायला गुरुजी रोज पहाटे जीपने सोबत येतात, याची त्यांना मनातून ऐटही वाटत होती. बाकीच्या शिष्यांना कुठे असं मिळतं!

तेवढ्यात घोषणा झाली. आजचंही विमान रद्द.

कारखानीसांचा तोल सुटला.

"तुमचं बरं आहे, गुरुजी! खाली तुमची वाट बघणारं कुणी नाही. इथे माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही मला अर्धा पेला शिकवताय!"



थर्मास ठेवायला लामांनी गाठोडं सोडलं. त्यातून तीन कागद निसटून खाली पडले. कारखानीसांनी ते उचलले. तीन दिवसांचे तीन बोर्डिंग पास. त्याच विमानाचे. नाव कोंचोक.

"तुम्ही... तुम्हालाही जायचं होतं?"

"दिल्लीला. धाकटी बहीण इस्पितळात आहे."

"जास्त आहे?"

"बोलता येतं तेव्हा एकच विचारते. दादा, निघालास का?"

कारखानीसांना स्वतःची अतोनात लाज वाटली. बाहेर ती पिशवी फडफडतच होती.

"आणि तरी तुम्ही इतके शांत..." ते म्हणाले. "मला तेच शिकवा, गुरुजी. माझं चुकलं. त्या अर्ध्या पेल्याचा अर्थ नीट समजावून सांगा." त्यांनी खिशातून डायरीसुद्धा काढली.

लामांनी डायरी बाजूला सारली आणि आपला हात त्यांच्या हातात दिला.

हात गार पडला होता. हिवताप भरल्यासारखा थडथड उडत होता. कारखानीसांनी तो दोन्ही हातांनी धरला, तरी थांबेना.

"भरून ओतला की सांडतो," लामा म्हणाले. "घे... गार होतोय."