कुरकुरणारा पंप

गाडीचे भाग आपसांत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. केळुसकर सरांची मोटार घाटाच्या पहिल्याच चढावर धापा टाकून बंद पडली. ती ओढून गॅरेजात आणली, तेव्हा इंजिन म्हणालं, "मला पेट्रोल पुरत नाही."

"मी जीव तोडून ढकलतोय," टाकीतला पंप कुरकुरला, "पण पुढे जातच नाही."

दोघांच्या मध्ये बसून पेट्रोल गाळणारा फिल्टर काहीच बोलला नाही.

लतीफ मिस्त्री म्हणाले, "सर, आधी पेट्रोलचा दाब मोजू या."

"मोजायचं काय त्यात? आवाज कोण करतंय ते ऐकू येतंय ना!" सर म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि बोलणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढण्यात त्यांची हयात गेली होती.

पंप निघाला, नवा बसला. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर तोही कुरकुरू लागला.

या वेळी लतीफभाईंनी सरांना न विचारता दाब मोजला. फिल्टरच्या अलीकडे तो भरपूर होता, पलीकडे निम्माही नव्हता.

"सात वर्षांत मी कचऱ्याचा एक कण पुढे जाऊ दिला नाही," फिल्टर म्हणाला.

"आणि पेट्रोल?" इंजिनाने विचारलं.

"कचरा त्यातूनच तर येतो."

नवा फिल्टर बसला आणि मोटार घाट चढून गेली. जुना फिल्टर भंगाराच्या डब्यात पडला. तिथे जुना पंप आधीच होता.

"तुझ्यात काय बिघाड होता?" फिल्टरने विचारलं.

"काही नाही," पंप म्हणाला. "मी सांगत होतो."