हत्तिणीचे जोडे

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांना अजून नावं पडायची होती तेव्हाची ही गोष्ट. एका गावापलीकडे धुक्याखाली झोपलेली मोठी दलदल होती, आणि दलदलीपलीकडे हिरवी कुरणं. दर हिवाळ्यात सगळं गाव गुरंवासरं, लेकरंबाळं घेऊन त्या कुरणांकडे निघे. पण दलदलीतली घट्ट वाट दरवर्षी जागा बदलायची, आणि ती फक्त गावच्या म्हाताऱ्या हत्तिणीला सापडायची.

हत्तीण पाऊल टेकवायची आणि थांबायची. तळव्याच्या मऊ कातडीतून तिला खालचं सगळं कळे. कुठे मुळं एकमेकांना धरून बसली आहेत, कुठे पाणी झोपेत कूस बदलतंय. ती थांबली की मागे सगळं गाव थांबे, आणि तिचं जमिनीखालचं ऐकून होईपर्यंत कुणी बोलत नसे. तिथली रीतच होती तशी.

पण ज्या कातडीला एवढं कळतं, तिला काटाही तेवढाच कळतो. रोज संध्याकाळी म्हातारा माहूत तिच्या तळव्यातले काटे काढी. ती अंग चोरायची. शेवटी न राहवून त्याने पखाली शिवणाऱ्या कारागिराकडून चार जोडे करवून घेतले. दुहेरी चामड्याचे, आत कापूस भरलेले. कारागीर आठ दिवस ऐटीत फिरला. बायकांनी तर जोड्यांना हळदकुंकू वाहिलं. गावाला दुसरं कामच नव्हतं म्हणा ना.

"आता बोचतंय का काही?" माहुताने विचारलं.

"नाही बाबा," हत्तीण म्हणाली. त्या काळी हत्ती बोलत, पण मोजकंच.

हिवाळा आला. गाव निघालं. दलदलीच्या काठावर हत्तिणीने पाऊल टेकवलं आणि ती थांबली. खूप वेळ थांबली.

"बाबा, मला खालचं काही ऐकू येत नाही."

"धुकं दाट आहे ना, म्हणून," मानेवर बसलेला माहूत म्हणाला. "चल बाय, मी आहे ना."

त्याच्या शब्दाखातर ती निघाली. तिसऱ्याच पावलाला पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत रुतले. तिने मोठ्याने चीत्कार केला आणि मागचं गाव जागच्या जागी थांबलं, म्हणून लेकरं वाचली. ती मात्र हळूहळू खाली जाऊ लागली.

माहुताला तेव्हा आपली चूक कळली. तो उतरून चिखलात पालथा पडला, खांद्यापर्यंत हात आत घातले आणि कमरेच्या विळ्याने जोड्यांचे बंद कापले. पाय मोकळे झाले. उघड्या तळव्याने हत्तिणीने चिखल चाचपला. डावीकडे, खोलवर, एक जुनं मूळ होतं.

"सापडलं," ती म्हणाली, आणि त्यावर भार देऊन वर आली. जोडे दलदलीने ठेवून घेतले.

माहुताने मागचे जोडेही काढून टाकले आणि ती अनवाणी पुढे झाली. पाऊल टेकवत, थांबत. मागून गाव, अगदी गप्प. धुक्यातून सगळे कुरणावर पोचले.

संध्याकाळी तिच्या तळव्यात काटा निघाला. माहुताने तो ओढला तशी ती अंग चोरून उभी राहिली.

"दुखलं?"

"दुखलं, बाबा."

माहूत तिच्या पायाला मिठी मारून रडला. इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, आपल्या माणसाचं दुखणं झाकताना त्याचं कळणं झाकू नये.