पिंपाला पडलेला प्रश्न

झाकण काढलं की बाटल्यासुद्धा बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. इनास घरीच बिअर करी, बाटल्यांत भरी आणि शेजारीपाजारी वाटी. यंदा मात्र त्याने नळाचं पोलादी पिंप आणलं आणि सगळी बिअर त्यातच ओतली.

फळीवर रिकाम्या पडलेल्या हिरव्या बाटलीला काही उमजेना. "पिंपदादा, तुम्ही कुणाच्या घरी कधी जाणार?"

"मी कशाला जाऊ? लोकच माझ्याकडे येतील," पिंप गुरगुरलं.

आणि खरंच, अंगणात सगळी आळी जमली. पेले भरले, गाणी रंगली. आपलं चुकलं तरी काय, बाटलीला कळेना.

तेवढ्यात इनासच्या लक्षात आलं, अंथरुणाला खिळलेले सान्तानमामा कसे येणार? पेला न्यावा तर वाटेतच फेस बसायचा. त्याने हिरवी बाटली धुतली, नळाखाली भरली, झाकण लावलं आणि तो निघाला.

बाटली रिकामी होऊन परतली. मामांनी आपल्याला दोन्ही हातांनी कसं धरलं, हे ती सांगणार, तोच पिंपाने हळूच विचारलं, "मामांचं घर कसं आहे गं? मला कुणी नेतच नाही."

आता हेवा कुणी कुणाचा करायचा, हेच बाटलीला कळेना.