नखाएवढा बगळा

"पण जर्सी घेतली ते बरं केलं की नाही, एवढंच सांगा बाबा."

शार्दूलने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन्ही वेळा चिंधीबाबा सुईत दोरा ओवत होते.

वृंदा मठाच्या भिंतीला टेकून बसली होती. लग्नाला एकवीस दिवस झाले होते. नवऱ्याच्या गुरूंना नमस्कार केल्याशिवाय सून घरात मुरत नाही, असं सासूबाईंचं मत. म्हणून दोघं जांभुळखिंडीतल्या या मठात आली होती. तो सायकलवर, ती मागून स्कूटीवर.

घाट चढायला तास लागला. तासभर तिला नवऱ्याचं दर्शन म्हणजे एक घट्ट निळी पाठ, आणि त्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, नखाएवढा चंदेरी बगळा.

बगळा ही कुठल्याशा परदेशी कंपनीची खूण होती. शार्दूल त्याविषयी बोलताना आवाज खाली आणायचा, देवघराविषयी बोलावं तसा.

"आधी घ्यायची, मग विचारायचं," बाबा म्हणाले. "चालू दे."

"तुम्ही नको म्हणालात तर परत करीन ना."

वृंदाने त्याच्याकडे पाहिलं. जर्सी घामाने पाठीला चिकटली होती. ही आता कोण परत घेणार?

"कशाला घेतलीस?"

"मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपबरोबर इथे आलो होतो, आठवतं? सगळ्यांच्या आधी मीच माथ्यावर पोचलो. जुना टी-शर्ट होता अंगात. ते नऊ जण मागून आले, सगळ्यांच्या पाठीवर बगळा. तुमच्याबरोबर फोटोला उभे राहिले. आणि दळवी मला म्हणाला…"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बरं झालं तू आधी पोचलास. फोटो तूच काढ."

…

हे वृंदाला माहीत नव्हतं. कपाटात जर्सीचा खोका वर्तमानपत्राखाली का ठेवला होता, ते तिला आत्ता कळलं.

"आज येताहेत ते," शार्दूल म्हणाला. "अर्ध्या तासात पोचतील. आज मला फोटोत उभं राहायचंय बाबा. मधे."

बाबांनी दोरा दाताने तोडला.

"काढ ती. बघू."

शार्दूलने खिशातलं केळं आणि फोन खाली ठेवला, जर्सीची चेन ओढली, ती काढून दिली. बाबांनी बगळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जर्सी उलटी केली, शिवणीवरून मनगटाची आतली बाजू फिरवली. मग काख ताणून पाहिली. वृंदा सावरून बसली. तिची आई मिरजेला शिवणक्लास घ्यायची, आणि कापड असंच बघायची.

"केवढ्याला?"

शार्दूलने आकडा सांगितला. बायकोला सांगितला होता, त्याच्या बरोबर दुप्पट.

वृंदा त्यावर नंतर बोलणार होती.

"कापड उत्तम आहे," बाबा म्हणाले. "शिवण टोचत नाही. घाम धरत नाही. माणसानं मन लावून शिवलंय. पैसे वाया गेले नाहीत."

शार्दूल उजळला. "बघ! मी म्हणत नव्हतो?"

वृंदाला मनातून वाईट वाटलं. बाबा दोन खडे बोल सुनावतील, या आशेवर तिने तासभर सायकलीच्या वेगाने स्कूटी चालवली होती. हे तर दुकानदारासारखं बोलत होते.

बाबांनी जर्सी परत केली. उलटीच.

"घाल."

"सुलटी करून घालतो."

"नको, अशीच घाल."

शार्दूल हसला. बाबा हसले नाहीत.

"अहो बाबा, खिसे आत जातील."

"खिशात काय आहे?"

"होतं… एक केळं. फोन."

"केळं मी धरतो."

"बाबा…"

"घाम तितकाच सुकेल ना?"

"सुकेल."

"मग अडलं कुठं?"

शार्दूलने जर्सीकडे पाहिलं. आतून ती नुसती निळी होती. बगळ्याच्या जागी चार पांढऱ्या दोऱ्यांची गाठ.

"आज नको बाबा. दुसऱ्या कुठल्या दिवशी सांगा, घालीन. आज ते येताहेत."

"बरं," बाबा म्हणाले.

एवढंच. पुन्हा सुई उचलली. शार्दूलने जर्सी सुलटी करून अंगात घातली आणि बगळा जागेवर आहे ना, ते हात मागे नेऊन चाचपलं.

बाबा शिवत होते ते वृंदाच्याच लग्नाच्या ब्लाउजचं उरलेलं कापड. या मठाची रीतच तशी होती. ज्या घरात कार्य होईल, त्या घरानं एक तुकडा आणायचा आणि बाबांनी तो आपल्या कफनीला ठिगळ म्हणून लावायचा. वीस-पंचवीस वर्षांची ठिगळं होती. पंचक्रोशीत कफनी ओळखीची होती. बाबा तिच्यामुळे ओळखीचे होते. लोक दर्शनाला आले, की पाया पडता पडता आपलं ठिगळ शोधायचे.

बाबा कफनी अंगात ठेवूनच शिवत होते. अंगावरच्या कपड्याला टाका घालू नये, असं आईनं शिकवलेलं. पण वृंदा पाहत होती ते वेगळंच.

तिचं ठिगळ गुडघ्याशी चाललं होतं. गुडघ्याशी तिच्यासारखीच माणसं होती: वॉयल, पॉपलीन, कुणाच्या तरी सहावारीचा विटलेला काठ. छातीवर मात्र पैठणीचा मोर होता. त्याच्या शेजारी जरीची मखमल.

"बाबा, एक विचारू?"

"विचार की, पोरी."

"या ठिगळांखाली भोक एकही नाही ना?"

"वृंदा!" शार्दूल म्हणाला.

बाबांची सुई थांबली.

…

"कशावरून?"

"भोकावर लावलेलं ठिगळ जरा ओढ घेतं. ही सगळी सपाट बसलीत." आता सुरुवात झालीच होती, तर तिने पुढचंही बोलून टाकलं. "आणि हा मोर कुणाचा?"

"पेट्रोल पंपवाल्यांचा."

"मखमल?"

"मागच्या आमदारांची."

"तरीच."

शार्दूलचे कान लाल झाले. सासरच्या गुरूंच्या समोर, एकविसाव्या दिवशी! तो म्हणाला, "बाबा, ती जरा… माफ करा."

बाबा त्याच्याकडे पाहत नव्हते. ते आपल्या छातीवरच्या मोराकडे पाहत होते, हनुवटी खाली करून, जणू मोर तिथे आज सकाळीच येऊन बसला होता.

"एक होतं भोक," ते म्हणाले. "काखेत. सुरुवातीला."

"मग?"

"ठिगळ लावलं… लोकांना आवडलं."

बाहेर वाऱ्याने स्कूटीचा आरसा हलत होता. त्यात खिंडीतला रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर निळे ठिपके. नऊ.

"आले," शार्दूल म्हणाला आणि उठला.

बाबाही उठले. वृंदाचं ठिगळ अर्धंच लागलं होतं, सुई त्याला लोंबत होती. त्यांनी ती काढून भिंतीत खोचली. मग कफनी डोक्यावरून काढली. आत साधी बंडी होती. कफनी त्यांनी उलटी केली, दोन वेळा झटकली आणि पुन्हा अंगात घातली.

आतून ती नुसती मांजरपाटाची होती. पिवळट पांढरी, टाक्यांच्या बारीक चौकोनांनी भरलेली. डोक्याला बांधलेलं फडकं काढून बाबांनी शार्दूलचं खाली राहिलेलं केळं त्यात गुंडाळलं. समोर आता पेन्शन घ्यायला निघालेला कुणी म्हातारा उभा होता.

"बाबा, हे काय करताय? ते तुमच्याबरोबर फोटो काढायला येताहेत."

"येऊ देत की."

तिघं बाहेर आली, तोवर नऊ सायकली अंगणात शिरल्या. नऊ बगळे वाकून धापा टाकू लागले. दळवी सगळ्यांत पुढे होता, दाढी कोरलेली, गॉगल कपाळावर. त्याने शार्दूलला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर कमरेशी थांबली.

"अरे वा! आता कसा आपल्यातला दिसतोस! ये, ये, आज मधे उभा राहा."

शार्दूलच्या खांद्यावर हात पडला. महिनाभर त्याला हाच हात हवा होता. तो मधे उभा राहिला. डावीकडे चार, उजवीकडे पाच.

"चिंधीबाबा कुठे आहेत?" दळवी इकडेतिकडे पाहत म्हणाला. "त्यांच्याशिवाय फोटोला मजा नाही. ती कफनी काय भारी येते फोटोत!"

शार्दूलने वृंदाकडे पाहिलं. वृंदाने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"येतील तेव्हा येतील. तोवर आपला एक काढून घेऊ." दळवीने फोन पुढे केला. "ओ आजोबा, जरा एवढा फोटो काढता का? हे गोल बटण दाबायचं फक्त."

बाबांनी केळं वृंदाच्या हातात दिलं, फोन घेतला आणि चार पावलं मागे गेले. मागच्या महिन्यात शार्दूल जिथे उभा होता, बरोबर तिथे. एक डोळा मिटून त्यांनी फोन नाकासमोर धरला.

शार्दूलच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात कुणी राहिलं नाही.

त्याचा हात जर्सीच्या चेनीकडे गेला. थांबला. पुन्हा गेला.

"बाबा…" तो म्हणाला.

"कुठे आहेत?" दळवीने मान वळवून मागे पाहिलं.

बाबांनी फोनमागून हात हलवला.

"हलू नका रे कुणी… फक्त मधे थोडी जागा सोडा. बाबा यायचेत अजून."