पायाशी बसणारी

केळशिंगे वाडीच्या वेशीवर कळलावीचा वेल कुंपणाला धरून चढतो. श्रावणात त्याला ज्वाळांसारखी लाल-पिवळी फुलं येतात. वेलाखाली एक पसरट दगड आणि त्यावर पाण्याने भरलेला तांब्या असतो. पाहुण्यांनी विचारलं की वाडीतले म्हातारे सदूआबा आधी दटावतात, "हात लावू नका, कंद जहरी आहे." मग सांगतात.

फार पूर्वी इथे येसू नावाची बाई होती म्हणे. तिची लेक बाळंतपणात गेली. कळा याव्यात म्हणून भिवरा सुईणीने कळलावीचा कंद उगाळून तिच्या पायांच्या तळव्यांना लावला होता. "औषध कसलं, विष चोळलं तिने!" येसू पाणवठ्यावर म्हणायची. भिवरा ऐकायची आणि घागर उचलून निघून जायची. त्याने संशय आणखीच बळावला.

पुढे येसूची सून अडली. दोन दिवसांनी कळाच थांबल्या. नदीला पूर, दुसरी सुईण पलीकडे. येसूला भिवराच्याच दारात जावं लागलं.

भिवरा कंद उगाळू लागली तशी येसू सुनेच्या पायाशी बसली. नजर भिवराच्या बोटांवर.

"किती घेतलास?"

"वाटाण्याएवढा. ये, मोजून बघ."

"आणि लेप धुवायचा कधी?"

"मूल बाहेर आलं की लगेच. क्षणभरही ठेवायचा नाही, नाहीतर विष भिनतं."

येसूने पाण्याचा तांब्या मांडीवर घेतला.

उन्हं कलताना मूल आलं, पण रडेना. भिवरा त्याची पाठ चोळू लागली. साऱ्या बायका तिकडेच धावल्या. येसू तेवढी हलली नाही. नातू की नात हेही न बघता तिने सुनेचे तळवे धुतले, पुन्हा धुतले.

मूल रडलं, आणि भिवरा दचकली. "अगं बाई, लेप!" वळून पाहते तो तळवे स्वच्छ.

ती येसूसमोर येऊन बसली. "तुझ्या लेकीचं मूलही असंच रडत नव्हतं, येसूवहिनी. मी त्यातच गुंतले. लेप तसाच राहिला, पाय कुणीच पाहिले नाहीत. तुझ्यासकट सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता."

येसूने तिला माफ केलं की नाही, हे कुणी सांगत नाही. पण त्यानंतर भिवराने केलेल्या प्रत्येक बाळंतपणात येसू तांब्या घेऊन पायाशी बसली, असं सांगतात.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. तरी आजही वाडीत कुणी झाडपाला द्यायला बसलं, की वाटी पुढे करण्याआधी विचारतं, "माझ्यावर कुणाचा विश्वास नाही?"

ज्याचा नसेल, त्याला जवळ बसवतात.