थोरलं थडगं आणि घाणेरी

चूक थोरल्या थडग्याचीच. फार वर्षांपूर्वी चर्चमागच्या दफनभूमीत ते छाती काढून उभं होतं. आपलं कोरीव नाव जगानं वाचावं, एवढीच त्याची हाव.

शेजारी घाणेरीचं झुडूप फुललं, तसं थडग्यानं नाक मुरडलं. “हिच्या नावातच घाण! उपट रे हिला,” ते तिथं मुळं उकरत फिरणाऱ्या रानडुकराला म्हणालं.

फुलपाखरू म्हणालं, “आजोबा, तिच्या फुलांवर आम्ही येतो, आमच्या मागं पोरं येतात. तुमचं नाव वाचतात ती तेवढीच!”

“परवापर्यंत सुरवंट होतास, मला अक्कल शिकवतोस?”

वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, म्हणून रानडुकरानं घाणेरी मुळासकट उपटली. फुलपाखरं गेली, पोरंही गेली. थडगं लांबूनसुद्धा लख्ख दिसू लागलं.

त्याचं नाव पुन्हा कुणीच वाचलं नाही.