झाकण उचलणारी ठकूमाय

शिळवणे गावच्या विहिरीला अजून कठडाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली पाऊस आला आणि अर्ध्यातूनच परत गेला. डोंगरउतारावरची नाचणी उभी करपली. पुढच्या साली तर तो आलाच नाही.

गावात ठकू नावाची एक विधवा राहत होती. तिला एकच मुलगी, मंजुळा. ती गावातच, टेकडीवरच्या पाटलाच्या घरी दिली होती.

कुणाच्या घरात मूठभर नाचणी उरली होती, कुणाच्या मडक्यात थोडे कुळीथ, कुणाकडे नुसतं मीठ. जो तो दार लावून आपापलं शिजवायचा आणि पोट कुणाचंच भरायचं नाही. पोरं रडायचीसुद्धा थांबली. तेव्हा ठकूनं आपली धान्याची कणगी रिकामी केली आणि गावाबाहेरच्या चिंचेखाली तीन दगड मांडले. ती म्हणाली, "वेगळ्या चुलींवर आपण वेगवेगळे मरू. असेल ते इथं आणा."

लोक आणू लागले. ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो लाकडाची मोळी आणायचा, नाहीतर पाण्याची कळशी. ठकू रानातून कडूकंद खणून आणायची. तो तसाच खाल्ला तर माणूस ओकून ओकून मरतो. ती त्याच्या चकत्या राख घालून उकळायची, रात्रभर झऱ्याच्या धारेत ठेवायची आणि मग नाचणीच्या आंबिलीत सोडायची. सगळा गाव खायचा, पण तिच्या हंड्याचा तळ कुणी पाहिला नाही, असं म्हणतात.

तरी वाडगा पुढे करायची लोकांना लाज वाटे. ते हात कालपर्यंत दुसऱ्याला वाढत होते. म्हणून ठकू पाठमोरी बसून वाढू लागली. ओगराळं भरायची, हात मागे न्यायची आणि वाडग्यात ओतायची. कोण आलं, कोण गेलं, तिनं कधी वळून पाहिलं नाही.

एकदा एक म्हातारा म्हणाला, "ठकूबाई, अशानं एक दिवस माझ्या टकलावर ओतशील."

"ओतलं तर पुसून खा," ठकू म्हणाली. "वाया घालवू नको."

त्या दुष्काळात लोक हसले ते तेवढंच, असं म्हणतात.

ठकूची पाठ लोकांकडे असे आणि तोंड टेकडीकडे. टेकडीवर पाटलाच्या घराच्या कौलांतून रोज धूर निघायचा. तो दिसला की ठकूच्या जिवाला बरं वाटायचं. लेकीच्या घरात चूल पेटतेय, म्हणजे तिथं अजून दाणे आहेत. त्या घरातलं कुणी चिंचेखाली यायचं नाही, पण पाटलाचं घर वाडगा घेऊन कसं येणार, असं सगळेच समजून होते.

एकदा मंजुळा विहिरीवर भेटली. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"जेवतेस ना गं?" ठकूनं विचारलं.

"आये, आमचा धूर दिसत नाही का तुला?" मंजुळा म्हणाली आणि घागर घेऊन निघून गेली.

मग एका सकाळी धूर दिसला नाही. ठकू ओगराळं भरत होती. ते तिच्या हातातून पडलं आणि ती टेकडीकडे पळत सुटली. पाटलाच्या घरात चुलीत ओला पाला कोंबलेला होता. मंजुळा चुलीपाशी कलंडली होती आणि फुंकणी अजून तिच्या हातात होती. ठकूनं चुलीवरच्या मडक्याचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी होतं.

भिंतीला टेकून मंजुळाची सासू बसली होती. ती म्हणाली, "घराची अब्रू होती, विहीणबाई. कैक दिवस पाणीच उकळत होतो. पोर शेवटपर्यंत फुंकत राहिली."

ठकू लेकीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग खाली गेली, वाडगा भरून आणला आणि त्या बाईला आपल्या हातानं भरवला.

त्या दिवसापासून ती कुणाला पाठमोरी वाढेना. रोज सकाळी ती दारोदार जायची, न विचारता आत शिरायची आणि चुलीवरचं झाकण उचलून पाहायची. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. ती दारातच बसून राहायची. त्यानंतर गावात भुकेनं कुणी मेलं नाही. ठकू मेली तेव्हा चिंचेखालच्या चुलीचा धूर वर गेलाच नाही. जमिनीलगत सरपटत तो एकेका घराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबला, असं म्हणतात.

आता टेकडीवर नुसतं जोतं उरलंय. पण दर ज्येष्ठात एक दिवस शिळवण्यात घरोघरच्या चुली थंड ठेवतात आणि चिंचेखाली एकच हंडा चढवतात. पहिलं ओगराळं त्या जोत्यावर नेऊन ठेवतात. मग सगळ्यांना वाढतात, तोंडाकडे बघून. आणि वर्षाच्या इतर दिवशी शेजारीण आत आली, बोलता बोलता तिनं तुमच्या भांड्यावरचं झाकण उचललं, तर शिळवण्यात कुणी तिला काही म्हणत नाही. तीही काही म्हणत नाही. झाकण ठेवते, घरी जाते आणि काहीतरी घेऊन परत येते.